साडेआठची गोळी

आमच्या पट्ट्यात आठवडा शुक्रवारी सुरू होतो. भोसरी, पिंपरी, चिंचवड, चाकण इथल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्यामुळे पुण्यातली ऑफिसातली मंडळी शनिवारी रात्री जे करतात ते आम्ही बुधवारी रात्री करतो, आणि शुक्रवारी पाळी बदलून पुन्हा बसमध्ये चढतो. मी म्हाळुंग्याच्या एका कारखान्यात, प्रेसशॉपच्या मेंटेनन्सला. निगडीहून बस मोशीवरून नाशिक रस्त्याला लागते आणि कुरुळीपाशी अडकते. फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा तीन पाळ्यांत आयुष्य गेलं. कुणी ‘रात्री किती वाजता झोपता?’ असं विचारलं की मी आधी विचारतो, कुठल्या आठवड्यातलं सांगू?

माझं सगळं दुखणं या प्रश्नाशी येऊन थांबलं. खरं तर दुखणं म्हणायचीही सोय नाही, कारण काहीच दुखत नव्हतं.

कारखान्यात वर्षातून एकदा तपासणी असते. ओएचसीच्या, म्हणजे कारखान्यातल्या दवाखान्याच्या, दारात नोटीस लागते, ‘रक्त तपासणीसाठी उपाशीपोटी यावे’. लॅबची माणसं सकाळी सातला येतात, म्हणजे थर्ड सुटताना आणि फर्स्ट लागताना, दोघांनाही सोयीचं. आता थर्डवाल्याने उपाशी म्हणजे काय राहायचं? रात्री दीडला कॅन्टीन असतं. त्या दिवशी पुरी-भाजी होती, वर गोड म्हणून बुंदी. चारला चहा, तो थर्मासमध्ये आधीच साखर घालून आलेला. बिनसाखरेचा मागायची सोयच नाही. मग सातला बाही वर करून रांगेत. आमच्यातल्या कुणीही ‘बारा तास काही खाल्लेलं नाही’ असं खोटं बोललं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड 612, एकूण कोलेस्टेरॉल 268, एचडीएल 31. आणि एलडीएलच्या रकान्यात आकडाच नाही, ‘गणना शक्य नाही’ एवढंच. मला वाटलं छपाईत राहिलं. यमुनानगरच्या आमच्या डॉक्टर मॅडमनी समजावलं. पुष्कळ ठिकाणी एलडीएल मोजत नाहीत, काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून तेही वजा करायचं, उरेल ते एलडीएल. फ्रीडवाल्ड नावाच्या माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये दिलेलं हे सूत्र, पण ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की ते चालत नाही. गेजची मर्यादा संपली की काटा काय दाखवतो याला अर्थ नसतो, हे मेंटेनन्सवाल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

‘‘तुमचं रक्त त्या दिवशी ठेवलं असतं ना, तर वरचं पाणी दुधासारखं दिसलं असतं,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पण हा आकडा मी धरणार नाही. पुरी-बुंदी खाऊन दिलेलं रक्त आहे. बुधवारी रात्री आठच्या आत जेवा, घेणार असाल तर त्या दिवशी घेऊ नका, आणि गुरुवारी सकाळी परत द्या.’’

‘घेणार असाल तर’ हे त्यांनी सौ. समोर बसलेली असताना म्हटलं. असो.

गुरुवारी आमच्या भागातल्या लॅबमध्ये जत्रा असते, कारण सगळ्यांना तोच एक वार मोकळा. रिपोर्ट आला: ट्रायग्लिसराइड 540. एलडीएल यावेळी थेट मोजलं, 151. थायरॉईड ठीक, किडनी ठीक, लिव्हरला जरा सूज, साखर उंबरठ्यावर.

बसमध्ये हे सांगितलं तर सगळे हसले. माझी अंगकाठी किरकोळ. ‘तुला कसलं कोलेस्टेरॉल? ते इंगळ्याला असायला पाहिजे,’ असं म्हणून शंभर किलोच्या इंगळ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. इंगळ्याचा रिपोर्ट स्वच्छ होता. हा विनोद पुण्यातच शास्त्र होऊन बसला आहे, हे मला नंतर कळलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंची-वजनावरून काढलेला बीएमआय दोघांचा एकच, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक असेलच असं नाही. ट्रायग्लिसराइड चढलेलं आणि एचडीएल पडलेलं, ही जोडी आपल्याकडे फार दिसते म्हणतात. माझ्या रिपोर्टात ती शेजारी-शेजारी बसलेली होती.

घरी पहिला बळी तेलाचा गेला. सौ.ने शेंगदाण्याचं बंद करून करडईचं आणलं, मग मावशीच्या सांगण्यावरून घाण्याचं आणलं, मग फोडणीच निम्मी केली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘तेल कमी केलंत, चांगलं. पण यांचं ट्रायग्लिसराइड तेलाने एवढं चढलेलं नाही. साखर, मैदा, भाताचा ढीग आणि बुधवार. जास्तीची साखर आणि दारू यांची चरबी लिव्हर स्वतः बनवतं.’’ कोलेस्टेरॉल म्हटलं की आपल्याला फक्त तळण दिसतं. चार वाजताचा गोड चहा कुणाला दिसत नाही.

गोळ्या दोन लिहिल्या. एलडीएलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन, ट्रायग्लिसराइडसाठी फेनोफायब्रेट. मला एक गोळी पुरे वाटत होती. मॅडम म्हणाल्या, एलडीएलने हृदयाच्या रक्तवाहिन्या हळूहळू बंद होतात, तो वर्षांचा हिशोब. पण ट्रायग्लिसराइड 500 च्या वर चढत गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते एका रात्रीत होऊ शकतं. चाकणच्या कोंडीत रात्री दोन वाजता अ‍ॅम्ब्युलन्स कशी निघेल, हे मला सांगावं लागलं नाही.

चिठ्ठीवर दोन्हींपुढे लिहिलं होतं, ‘रात्री झोपताना’. मेडिकलवाल्याने पाकिटावर चंद्राची कोर काढून दिली. त्या शुक्रवारी मला थर्ड लागली.

थर्डला मी सकाळी नऊला झोपतो. म्हणजे गोळी सकाळी नऊला? आणि पुढच्या शुक्रवारी सेकंड आली की रात्री एकला? मग दोन गोळ्यांत सोळा तासांचं अंतर पडणार. फर्स्ट आली की आणखी वेगळं. मी जॉबकार्डच्या पाठीमागे तक्ता काढला. आडवे चोवीस तास, उभ्या तीन पाळ्या, झोप काळी, जेवण गोल. तो तक्ता घेऊनच मॅडमकडे गेलो. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मला वाटतं, त्यांच्या टेबलावर असा कागद पहिल्यांदाच आला असावा, आणि याचं मला जरा नवल वाटलं. निम्मं शहर पाळीत काम करतं.

‘‘झोपताना हे जुन्या गोळीपासून चालत आलंय,’’ त्या म्हणाल्या. शरीर कोलेस्टेरॉल मुख्यतः रात्री बनवतं. सिमवास्टॅटिनसारखी गोळी काही तासांतच ओसरते, म्हणून ती संध्याकाळी द्यायची. अ‍ॅटोर्वास्टॅटिनचा असर दिवसभर टिकतो, ती कधीही घेतली तरी चालते, फक्त वेळ रोजची एकच पाहिजे. फेनोफायब्रेट मात्र जेवणाबरोबर हवी, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. ‘‘म्हणजे तिन्ही पाळ्यांत तुम्ही जागे असता आणि जेवता, अशी वेळ शोधा.’’

ती वेळ तक्त्यात समोरच होती. रात्री साडेआठ. फर्स्टला मी घरी जेवत असतो, सेकंडला कॅन्टीनची सुट्टी तेव्हाच, आणि थर्डला सव्वादहाची बस धरायची म्हणून घरचं ताट साडेआठला. तीन गोल एकाखाली एक. मॅडमनी चिठ्ठीवरचं ‘झोपताना’ खोडलं आणि ‘8.30, जेवणाबरोबर’ असं लिहिलं. पाकिटावरची चंद्रकोर तशीच राहिली.

सेकंडला असताना डब्याच्या पिशवीत स्ट्रिप ठेवतो. साडेआठला मोबाईल वाजतो. कॅन्टीनमध्ये त्याच सुमारास आणखी दोन-तीन मोबाईल वाजतात, हे तेव्हा लक्षात आलं. कुणी काही बोलत नाही. बीपीची गोळी सगळे उघड घेतात, साखरेची तर मिरवत घेतात, पण कोलेस्टेरॉलची गोळी लपवतात. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. बहुधा ‘मेडिकली अनफिट’ या शब्दाची भीती.

आमचे अण्णा असते तर त्यांना या गोळीची गोष्ट फार आवडली असती. ते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, आम्ही म्हणायचो एचए कंपनी, फर्मेंटेशन खात्यात होते. 1954 साली स्थापन झालेला हा सरकारी कारखाना; जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने 1955 मध्ये तिथे पेनिसिलीन बनायला लागलं. पिंपरीचं औद्योगिक नशीब उघडलं ते लोखंडाने नाही, बुरशीने, असं अण्णा म्हणायचे. त्यांच्या कपड्यांना आंबूस वास असायचा. माझ्या गोळीची गोष्टही बुरशीपासूनच सुरू होते. जपानचा अकिरा एन्डो नावाचा शास्त्रज्ञ कॉलेजात असताना पेनिसिलीनवाल्या फ्लेमिंगचं चरित्र वाचून भारावला होता. बुरशी जंतूंना मारण्यासाठी काही बनवत असेल, तर कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमला अडवणारंही काहीतरी बनवत असेल, या अंदाजावर 1971 पासून त्याने सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. 1973 च्या सुमारास सापडलं ते पेनिसिलियमच्याच घराण्यातल्या बुरशीत, आणि ती आली होती तांदळावरून. गंमत म्हणजे उंदरांवर त्याचा काही परिणाम होईना. प्रकल्प गुंडाळायची वेळ आली, तेव्हा अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना ते दिलं आणि त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. त्याचं ते औषध बाजारात आलं नाही, पण त्याच वाटेने अमेरिकेत 1987 मध्ये पहिल्या स्टॅटिनला मंजुरी मिळाली. एन्डो 2024 मध्ये गेले. माझी गोळी आता पूर्ण रसायनातून बनते, तरी मूळ बुरशीचंच. एचएची भिंत डाव्या हाताला ठेवून मेट्रोने जाताना मला ते आठवतं.

दुसऱ्या महिन्यात मांड्या दुखायला लागल्या. मामा तयारच होते: ‘‘सांगितलं होतं, स्टॅटिनने स्नायू गळतात. आणि एकदा लागली की सुटत नाही.’’ मामांना चाळीस वर्षांपासून चष्मा आहे, तो सुटला का, असं विचारावंसं वाटलं, पण मामा मोठे आहेत. मॅडमनी दुखणं हसण्यावारी नेलं नाही. स्नायूंची इजा दाखवणारं सीपीके तपासायला सांगितलं, पण आधी विचारलं, आठवड्यात काय काय उचललंत? डाय बदलण्याचं जड काम झालेलं होतं. तशा कष्टाने सीपीके आपोआपच चढतं, म्हणून एक सुट्टी विश्रांती घेऊन मग रक्त दिलं. नॉर्मल आलं. मग त्यांनी इंग्लंडमधल्या 2020 च्या सॅमसन नावाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने नुसती पिठाची, काही महिने काहीच नाही, असं आळीपाळीने दिलं. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्याचा नव्वद टक्के भाग पिठाच्या गोळीवरही झाला. थोड्या लोकांना गोळीने खरोखर त्रास होतो, लघवी गडद झाली किंवा अशक्तपणा आला तर लगेच या, हेही त्यांनी बजावलं. माझी दुखणी थर्ड संपल्यावर गेली.

बुधवार सुटायला जास्त त्रास झाला. आळंदी फाट्याजवळच्या बैठकीला मी अजून जातो, सोडा-लिंबू घेतो, आणि बिल मात्र समान भागात येतं. यावर माझा आक्षेप आहे, पण तो कुणी मान्य करत नाही.

काही महिन्यांनी ट्रायग्लिसराइड 196 आलं, एलडीएल 84. क्रिएटिनीन आणि लिव्हर मॅडम प्रत्येक वेळी बघतात, कारण दोन गोळ्या एकत्र आहेत. साखर उंबरठ्यावरच आहे. स्टॅटिनने ती किंचित वर सरकू शकते, त्यावरही त्यांचा डोळा आहे.

त्याच दिवशी रिपोर्ट बघता बघता मॅडमनी सौ.ला विचारलं, ‘‘तुमचं कधी केलंय?’’ कधीच नाही. कारखाना माझं रक्त दरवर्षी काढतो. पहाटे साडेचारला उठून माझा डबा करणारीचं काढायला कुणी येत नाही. तिचं एलडीएल 172 निघालं. माझ्यापेक्षा जास्त! ट्रायग्लिसराइड ठीक. मी म्हटलं, चला, आता एकाच स्ट्रिपमध्ये दोघांचं भागेल. मॅडम म्हणाल्या, थांबा, आणि थायरॉईडची टीएसएच तपासणी करायला लावली. ते बरंच चढलेलं होतं. थायरॉईड मंद झालं की रक्तातलं एलडीएल उचलायचं लिव्हरचं काम मंदावतं. म्हणजे रकाना तोच, आकडाही तसलाच, पण कारण दुसरं. तिला माझी गोळी नाही, थायरॉईडची दिली. उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, मग अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही.

‘‘यांच्या गोळीला जेवण लागतं, माझ्या गोळीला उपास,’’ ती बाहेर येताना म्हणाली, ‘‘आणि फर्स्टला पहाटे साडेचारचा पहिला चहा कोण करणार, ते त्या तक्त्यात लिहा.’’

सध्या मी करतो. बिनसाखरेचा. थायरॉईड जागेवर आल्यावर तिचं एलडीएल परत बघायचं आहे. तेव्हाही उतरलं नाही, तर साडेआठची एक गोळी तिलाही लागेल.