दौंडचा रुपया, घोडनदीचे गिऱ्हाईक

शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. आम्ही तिथले. आमच्या फुफीअम्मा दौंडला, रेल्वे लाइनजवळ. दोन्ही तालुके शेजारी, मध्ये भीमा. पण ईद, लग्न नाहीतर मयत असल्याशिवाय जाणे होत नाही. यंदा मात्र गेलो ते एका रुपयासाठी.

ईदनंतरच्या रविवारी मोटारसायकलवर आम्ही दोघे निघालो. न्हावरा मागे टाकले की दोन्ही बाजूंना ऊस. पारगावला भीमेचा पूल ओलांडला, चौफुल्याला चहा घेतला, पाटसहून दौंडकडे वळलो. दौंडचा कान गाड्यांच्या आवाजावर लागलेला असतो. मनमाडकडची लाइन इथूनच फुटते, आणि सोलापूर-वाडीकडे जाणारी गाडी पूर्वी निजामाच्या मुलखाकडे नेत असे. फुप्पा रेल्वेत गार्ड होते, आजोळ गुलबर्ग्याचे. म्हणूनच निवृत्तीच्या पैशातून पुण्याच्या एका प्रदर्शनात त्यांनी हैदराबादचा रुपया घेतला होता, प्लास्टिकच्या बंद डबीतला.

आता फुप्पा नाहीत. नातीच्या नर्सिंगची फी भरायची होती. आणि पंधरा दिवसांपूर्वी कपाट सरकवताना डबी फरशीवर पडून तिचा कोपरा तडकला होता.

फुफीअम्मांनी ती रुमालातून काढली. उर्दूचे मास्तर म्हणून आधी आम्ही नाणे वाचून दाखवले. एका बाजूला चारमिनार, त्याच्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर, उस्मान अली खान यांच्या नावातले पहिले. निजामुल्मुल्क आसफजाह बहादूर, हिजरी १३६१, म्हणजे १९४२. वर ९२ आकडा. अब्जदच्या हिशेबाने मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४, पैगंबरांच्या (स.) नावाची बेरीज. मागे ‘यक रुपिया’ आणि ‘जर्ब फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’. आमच्या सौ. म्हणाल्या, “इतकी वर्षं घरात होतं, कुणी वाचलं नाही?” फुफीअम्मा म्हणाल्या, “वो रोज पढते थे.”

आम्ही जायच्या आधी त्या गावातल्या एका सराफाकडे जाऊन आल्या होत्या. त्याने डबीसकट वजन केले, चांदीचा भाव सांगितला आणि कसाला लावून बघतो म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. फुफीअम्मांनी डबी हिसकावून घेतली. बरे झाले. या डबीचे काम साक्षीदाराचे आहे. अमेरिकेत १९८६-८७ मध्ये अशा दर्जा ठरवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या निघाल्या. त्या नाणे तपासतात, ७० पैकी गुण देतात आणि डबी कडेने जोडून बंद करतात. चिठ्ठीवर ६२ होते. शाळेत ६२ म्हणजे मध्यम मुलगा. इथे ६० च्या वर म्हणजे चलनात न फिरलेले नाणे. डबी उघडली की त्या ६२ ला आधार राहत नाही, कारण आतले नाणे बदलले नाही हे कोण सांगणार?

भाचा म्हणाला, झटपट चिकटणारा गोंद लावू, भेग दिसायची नाही. आम्ही थांबवले. एक तर त्या गोंदाची वाफ आत शिरली तर पांढरट डाग पडतात. दुसरे फुफीअम्मांनीच सांगितले, “ऐब छुपाके बेचे तो पैसा हजम होता क्या?” मग भेगेचे चारी बाजूंनी फोटो काढले, कोपऱ्यावर साधी पारदर्शक पट्टी लावली आणि डबी मऊ कापडात गुंडाळून सौ.च्या पर्समध्ये ठेवली. परतीच्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा आम्हांला ऐकू येत होता.

शिरूरचे गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. आम्ही बसायच्या आधीच भेगेबद्दल सांगून टाकले. त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. नाणे, साल, गुण, सगळे जुळले. मग भिंग घेऊन बराच वेळ ते नाणे सोडून डबीची कडच पाहत बसले. भेग कोपऱ्यातच थांबली होती, नाण्याभोवतीच्या कड्यापर्यंत गेली नव्हती. कडेची जोडणी शाबूत. “नुसता ओरखडा असता तर एक पैसा कापला नसता,” ते म्हणाले, “पण ही डबी उद्या मी कुणाला दिली तर तो मला हाच प्रश्न विचारणार.” कंपनी नवी डबी घालून देते, पण पाठवण्याचा, विम्याचा, परत मागवण्याचा खर्च आहे. तो हिशेब त्यांनी आमच्यासमोर कागदावर मांडला. फुप्पांनी दिलेल्या रकमेपेक्षा चौदाशे कमी आले. आम्हांला वाटले, थोडी घासाघीस करावी. फोनवर फुफीअम्मांना विचारले तर म्हणाल्या, फी भरून उरतात का? उरत होते.

पावती लिहिताना सरांनी विचारले, नाणे कुठून आले म्हणून लिहू? आम्ही फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून गाडीच्या भोंग्याचा आवाज आला, तो थांबेपर्यंत सगळे गप्प बसलो. मग फुफीअम्मांनी फुप्पांचे पूर्ण नाव सांगितले, पुढे ‘गार्ड, दौंड’ लिहायला लावले, आणि वाचून दाखवा म्हणाल्या.