समुद्राआधीचे देश

त्या जगात भूमध्य समुद्र नव्हता. आज ज्या निळ्या पाण्यावरून ग्रीसच्या बेटांकडे बोटी जातात, तिथे अर्गॉसचे बाजार भरत होते आणि शेमच्या कुरणांत गुरं चरत होती. नाईल होती, पण तिचं नाव स्टिक्स होतं. दक्षिणेकडून वर आल्यावर ती मध्येच अंग मोडून पश्चिमेला वळायची आणि थेट महासागराला मिळायची. तिच्या दक्षिणेला स्टिजिया, सर्पदेव सेटची काळोखी भूमी. पूर्वेला व्हिलायेत नावाचा खारा समुद्र, चारी बाजूंनी जमिनीनं वेढलेला. उत्तरेला बर्फात गाडलेले आसगार्ड आणि व्हानाहाइम, त्यांच्याखाली सिमेरियाचे धुकट डोंगर, आणि या सगळ्याच्या मधोमध अक्विलोनिया, नेमेडिया, कोथ, ओफिर अशी भरभराटलेली, आपापसांत भांडणारी राज्यं. इंग्लंड अजून झालंच नव्हतं. सिमेरियाच्या पश्चिमेला काही डोंगर होते, एवढंच. पाणी चढेपर्यंत त्यांची बेटं होणार नव्हती.

हे जग रॉबर्ट अर्विन हॉवर्ड नावाच्या सव्वीस वर्षांच्या मुलानं 1932 साली टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स या गावी वसवलं. गावापासून समुद्र शेकडो मैल दूर. आजूबाजूला खुरट्या ओकांचं रान, कापसाची शेतं, आणि तेल सापडलं तेव्हा उसळून मग ओसरलेली वस्ती. वडील खेडोपाडी फिरणारे डॉक्टर, आई क्षयानं झिजत चाललेली. घराच्या झोपायच्या व्हरांड्याला भिंती घालून केलेली एक अरुंद खोली, तिच्यात खाट, टेबल आणि अंडरवूडचा टंकयंत्राचा खटारा. टंकताना तो गोष्ट मोठमोठ्यानं बोलायचा, आणि शेजाऱ्यांना ते रात्री ऐकू यायचं. युरोप आणि उत्तर आफ्रिकेच्या नकाशाची बाह्यरेषा त्यानं गिरवून घेतली आणि तिच्यावर आपल्या देशांच्या सीमा आखल्या. खाली आपलं जग, वर त्याचं.

आपल्या कहाण्यांत आटपाट नगर असतं. त्याला नकाशा लागत नाही. तिथे एक राजा असतो, दोन राण्या असतात, आणि शेवटी सगळं सुफळ संपूर्ण होतं. हॉवर्डला नकाशा हवा होता, अक्षांश नसले तरी नद्यांची वळणं हवी होती, वंशावळी हव्या होत्या. गोष्टी लिहिताना आपलाच तोल जाऊ नये म्हणून त्यानं ‘हायबोरियन एज’ नावाचा एक लांबलचक निबंध लिहिला: हजारो वर्षांचा इतिहास, कोरड्या बखरीच्या सुरात. हा कुठलाही सिद्धांत नाही, कथांची निव्वळ पार्श्वभूमी आहे, असं त्यानं आधीच बजावून ठेवलं. आणि त्या निबंधात एकही गोष्ट सुफळ होत नाही.

हॉवर्डच्या नायकाचं, कॉननचं, नाव ज्यानं सिनेमामुळे ऐकलं असेल त्याच्यासमोर दंड फुगवलेला पैलवान उभा राहतो. निबंधात कॉनन नाहीच. त्याच्या वाट्याचा काळ त्या इतिहासात एका श्वासाएवढा आहे, आणि त्याच्या आधी काय बुडालं नि नंतर काय बुडणार, ते हॉवर्डनं तारीखवार म्हणावं इतक्या बारकाईनं लिहून ठेवलं आहे. कॉननच्या बहुतेक कथा लिहायच्या होत्या तेव्हाच त्याच्या शहरांचं मरण ठरून गेलं होतं.

आधी बुडालं ते व्हॅल्युशियाचं जग. हॉवर्डच्याच आधीच्या एका नायकाचं, राजा कुलचं. धरणीकंप झाला, अटलांटिस आणि लेमुरिया समुद्रात गेले, पिक्ट लोकांची बेटं वर उचलली जाऊन डोंगरांची शिखरं झाली. मुख्य भूमीवर अटलांटिसच्या काही वसाहती तगल्या, पण तगणं म्हणजे काय, हे हॉवर्ड निर्दयपणे सांगतो. दगडी हत्यारांवर आले, मग भाषा गेली, मग माणूसपणही गेलं. वानरमाणसांपर्यंत ते घसरले आणि तिथून हजारो वर्षांनी पुन्हा चढून आले. चढून आलेल्यांचं नाव सिमेरियन. त्यातलाच कॉनन. आपण कोणे एके काळी अटलांटिसचे होतो हे त्याला ठाऊक नाही, आणि त्याला ते सांगणारं त्या जगात कोणी उरलेलंही नाही. वंश टिकतो आणि आठवण टिकत नाही, हे मला त्या साऱ्या पुरापेक्षा जास्त भयंकर वाटतं.

त्याच निबंधात एक साधा प्रसंग आहे जो मला फार आवडतो. उत्तरेच्या गोऱ्या रानटी टोळ्यांपैकी एक टोळी एके दिवशी घोड्यांच्या कातड्याचे तंबू सोडून देते आणि दगडावर दगड रचून ओबडधोबड घरं बांधते, भोवती शिळांची भिंत घालते. पहिलं हायबोरियन राज्य ते, हायपरबोरिया. त्यात राजाचं नाव नाही, लढाई नाही. कोणी तरी पहिली शिळा लोटत आणली असेल आणि बाकीचे हसले असतील.

आणि मग अॅरस. नेमेडियाचा हा पुरोहित, मित्रा या सौम्य देवाचा भक्त. पश्चिमेच्या रानातल्या पिक्टांना सुधारावं, या एकाच ध्यासानं तो त्यांच्यात जाऊन राहतो. देवाची थोरवी पटावी म्हणून आपल्या देशातल्या संपत्तीची, शहरांची वर्णनं करतो. गोर्म नावाचा त्यांचा म्होरक्या ऐकतो. देव त्याच्या कानावरून जातो, संपत्ती मनात राहते. अॅरस त्यांना खाणीतून लोखंड काढायला आणि ते वितळवायला शिकवतो, कारण त्याला नांगर दिसत असतात. पिक्टांना तलवारी दिसतात. पुढे हेच पिक्ट अक्विलोनियाच्या सैन्यात भाडोत्री म्हणून शिरतात, युद्धाची रीत शिकून घेतात आणि एक दिवस सीमा ओलांडून साम्राज्य जाळत सुटतात. तोवर अॅरस उरलेला नसतो. एका दारू प्यालेल्या पिक्टाच्या हातून त्याचा जीव जातो. गोर्मला कृतज्ञता नसते असं नाही. पुरोहिताच्या दगडी समाधीवर तो मारेकऱ्याची कवटी नेऊन ठेवतो. आयुष्यभर रक्तपाताची किळस आलेल्या माणसाच्या डोक्यावर ती सूडाची खूण. या एका कवटीवरून मी हॉवर्डच्या सगळ्या मारामाऱ्या ओवाळून टाकीन.

त्यानंतर शेवटचा पूर. व्हानाहाइम आणि पश्चिम आसगार्ड खचतात. सिमेरियाच्या पश्चिमेच्या डोंगरांभोवती समुद्र फिरतो. ते डोंगर इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड होतात आणि मधलं पाणी उत्तर समुद्र. बाल्टिक समुद्र उरलेलं आसगार्ड फोडून त्याचे नॉर्वे-स्वीडन-डेन्मार्क करतो. स्टिक्सच्या पश्चिमवळणाच्या रेषेवर जमीन चिरते आणि अर्गॉस, शेम, कोथ यांच्यावर भूमध्याचं पाणी पसरतं. दुसरीकडे स्टिजियाच्या पश्चिमेला तळातून जमीन वर येते, आफ्रिकेचा पश्चिम भाग बनतो. व्हिलायेत आक्रसत जातो, आजचा कॅस्पियन व्हायला.

सप्टेंबर 1931 मध्ये, म्हणजे हॉवर्डनं हा निबंध लिहिण्याच्या काहीच महिने आधी, ‘कोलिंडा’ नावाच्या मासेमारी बोटीच्या जाळ्यात इंग्लंडच्या नॉर्फोक किनाऱ्यासमोर उत्तर समुद्राच्या तळातून पीटचा एक गोळा वर आला. नाखव्यानं तो फोडला. आत शिंगापासून घडवलेला, काठावर दाते कोरलेला भाल्याचा फाळ होता. जिथे जाळं टाकलं होतं तिथे एके काळी जमीन होती, झाडं होती, माणसं शिकार करत फिरत होती. आज त्या बुडालेल्या प्रदेशाला डॉगरलँड म्हणतात. बर्फ वितळत गेलं, पाणी हळूहळू चढलं, आणि साधारण 8000 वर्षांपूर्वी तो पुरता समुद्राखाली गेला. हॉवर्डचा प्रलय एका रात्रीचा, इथला कित्येक पिढ्यांचा. पण चढत्या पाण्यातून निसटून जाणाऱ्या काठाची गोष्ट दोन्हींकडे एकच आहे, आणि हॉवर्डला कोलिंडाची बातमी कळली असावी असं मी मुळीच म्हणत नाही. योगायोगाचंही एक देणं असतं.

लेमुरिया मात्र त्याला आयता मिळाला होता. 1864 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांनी मादागास्करचे लेमूर आणि भारतातले त्यांचे नातलग यांचा धागा जोडायला हिंदी महासागरात एक बुडालेला भूखंड कल्पिला. पुढे भूखंडच सरकतात हे मान्य झालं आणि त्या बुडालेल्या जमिनीची गरजच संपली. शास्त्रानं सोडून दिलेला देश कथेनं उचलून धरला. असं पाहिलं तर लेमुरियासुद्धा दोनदा बुडाला.

निबंध वाचताना मात्र कपाळाला आठी पडते. रक्ताची शुद्धता, भेसळ, उच्च आणि नीच वंश, कातडीच्या रंगावरून स्वभाव, हा सगळा त्या काळच्या पाश्चात्त्य पुस्तकांचा कचरा त्यात ठासून भरलेला आहे. 1932 साल. त्याच शब्दांनी पुढच्या दशकात युरोपात काय केलं ते आपल्याला माहीत आहे. हॉवर्डचा बचाव मी करणार नाही. त्यानं बुडवलेल्या शहरांसाठी जीव हळहळतो, त्याच्या वंशशास्त्रासाठी एक टिपूस नाही.

या जगात आपणही आहोत, आणि आपलं वर्णन वाचून हसू येतं. दूर दक्षिण-पूर्वेला वेंध्या नावाचं राज्य, म्हणजे आपला विंध्य पर्वत उचलून देश केलेला. राजधानी अयोध्या. उत्तरेला ‘हिमेलियन’ पर्वत, पेशखौरी शहर, झैबर खिंड. 1934 साली ‘वियर्ड टेल्स’ या मासिकाच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या अंकांत ‘द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल’ ही कॉननची कथा छापून आली, ती इथली. राजा बुंदा चंद मरायला टेकलेला, देवळांत घंटा आणि शंख वाजताहेत. दूरवरचे जादूगार त्याचा आत्मा ओढून नेत आहेत, आणि त्यानं काकुळतीनं विनवलं म्हणून बहीण देवी यास्मिना त्याच्या छातीत कट्यार खुपसते. देह गेला तरी आत्मा सुटावा. क्षत्रिय, पण देव ‘असुर’. भारत न पाहिलेल्या मुलानं किपलिंग आणि टॅलबट मंडी वाचून रंगवलेला हा भारत. हॉवर्डचा लेखक-मित्र लव्हक्राफ्ट याला त्याची ही उसनी नावं खटकायची. खऱ्या इतिहासाची फार आठवण करून देतात, असं त्याचं म्हणणं. खरं आहे. पण त्या उसनेपणामुळेच ते देश आपल्याला अनोळखी वाटत नाहीत. लव्हक्राफ्टनंच तो निबंध पुढे पाठवला आणि 1936 मध्ये ‘द फँटाग्राफ’ या हौशी नियतकालिकात त्याचा काही भाग छापून आला. पूर्ण निबंध 1938 मध्ये पुस्तिका म्हणून निघाला.

तोवर लिहिणारा नव्हता. ‘वियर्ड टेल्स’नं 1935 मध्ये त्याचे आठशेहून अधिक डॉलर थकवले होते, घरात आईच्या औषधपाण्याचा खर्च वाढत होता, आणि तो कॉनन बाजूला ठेवून विनोदी वेस्टर्न लिहू लागला होता, कारण त्यांचे पैसे येत होते. 11 जून 1936 च्या सकाळी, बेशुद्ध पडलेली आई आता शुद्धीवर येणार नाही असं परिचारिकेनं सांगितल्यावर त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय तीस. दुसऱ्या दिवशी आईही गेली. दोघांना ब्राउनवुडच्या ग्रीनलीफ दफनभूमीत एकाच वेळी पुरलं. त्याच्या शेवटच्या कॉनन-कथेचा, ‘रेड नेल्स’चा पहिला भाग जुलैच्या अंकात होता. पात्रं चालत राहिली, म्हणावं तर. अस्तित्वात नसलेल्या देशाचं सुतक कोणी धरायचं, हा प्रश्न मला हास्यास्पद वाटत नाही, धरणारे निघतातच. दर वर्षी क्रॉस प्लेन्सला माणसं जमतात, आणि त्याचं घर आता संग्रहालय आहे.

1936 च्या सुरुवातीला स्कायलर मिलर आणि जॉन क्लार्क या दोन वाचकांनी कॉननच्या आयुष्याचा आराखडा बनवून त्याला पाठवला होता, नकाशासकट. यातला क्लार्क पुढे रॉकेटच्या इंधनांचा रसायनतज्ज्ञ झाला. हॉवर्डनं 10 मार्चला मिलरला उत्तर लिहिलं. आराखडा फारसा चुकला नव्हता, काही तपशील त्यानं दुरुस्त केले. कॉननचं शेवटी काय झालं, हे मात्र आपण सांगू शकत नाही, असं त्यानं स्पष्ट लिहिलं. ज्यानं देशांच्या मरणाची इतकी नेमकी नोंद केली होती त्याला आपल्या एका माणसाचं मरण दिसत नव्हतं, किंवा लिहायचं नव्हतं. कॉनन बरीच वर्षं राजा राहिला, असं तो म्हणतो. सिंहासनावर बसण्याआधीही आणि नंतरही तो खूप हिंडला, खिताईला गेला, हिरकेनियाला गेला, पश्चिमेच्या महासागरापलीकडच्या एका निनावी भूखंडापर्यंतही. यातलं छापून किती येईल, याचा अंदाज त्याला नव्हता.