ऐब सांगून विकलेली गाडी

गेल्या वर्षी रमजान ईद होऊन महिना झाला असेल. उन्हाळी कांदा बाजारात यायला लागला होता आणि माझ्या धाकट्या भावाने स्वतःची पिकअप घ्यायचं मनावर घेतलं. सहा वर्षं तो दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर होता. आळेफाट्याला राहणाऱ्या माणसाला गाडीचं वेड लागणं नवीन नाही. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. इकडे कांद्याचा बाजार, पलीकडे नारायणगावचा टोमॅटो. ज्याच्याकडे चार चाकं आणि हौदा आहे, त्याला कामाची ददात नसते.

पैशांचा हिशेब असा होता. धाकट्याचे सव्वादोन लाख, माझा एक लाख आणि अब्बांचे दोन लाख. अब्बांचे पैसे उमऱ्यासाठी साठवलेले होते. व्याजाच्या कर्जाला अब्बांचा नकार ठाम होता, म्हणून त्यांनी ते स्वतःच पुढे केले. म्हणाले, "मक्का कुठं पळून जात नाही. पोराचं वय निघून जातं." सगळे मिळून सव्वापाच लाख. एवढ्यात नवी गाडी येत नाही, जुनीच बघायची होती.

बघता बघता दोन गाड्यांवर गोष्ट येऊन थांबली. एक चार लाख चाळीस हजारांची, दुसरी पाच लाख दहा हजारांची. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या, हौदाही सारखाच. फरक एवढाच की स्वस्त गाडीच्या इंजिनाचं मॅपिंग केलेलं होतं आणि टर्बोचा दाब वाढवलेला होता. महाग गाडी कंपनीतून आली तशी होती.

धाकट्याचा जीव पहिल्या गाडीवर बसला. "भाई, चढाला उडते. वर सत्तर हजार वाचतात. अब्बांचा उमरा त्यातून सुरू होईल." हे शेवटचं वाक्य त्याने मुद्दाम टाकलं होतं. ते लागलंही.

माझं फाट्यावर बॅटरी आणि वायरिंगचं दुकान आहे. त्याआधी काही वर्षं मी काळी-पिवळी जीप चालवत होतो. त्यामुळे गाडी पारखायचं काम माझ्याकडे आलं.

आधी हे टर्बो प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण आमच्याकडे त्याबद्दल बोलणारे फार आणि जाणणारे थोडे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराला जोर असतो. त्या जोरावर एक छोटं चक्र फिरवायचं आणि त्याच दांडीवरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्युची नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. आजच्या डिझेल पिकअपला टर्बो कंपनीकडूनच येतो. त्याची दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते आणि ती ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. तो थर गेला की टर्बो गेला. म्हणून जाणता ड्रायव्हर घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करत नाही. मिनिट-दोन मिनिटं ते नुसतं चालू ठेवतो. तापलेल्या टर्बोत ऑइल थांबलं तर ते जळून कोळसा होतं.

किती डिझेल सोडायचं आणि टर्बोने किती दाब द्यायचा, हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. मॅपिंग करणारा हेच आकडे वाढवतो. दोन तासांचं काम. कंपनीने आकडे कमी का ठेवले असतात? कारण तेच इंजिन राजस्थानच्या उन्हात चालायचं असतं आणि लडाखच्या थंडीतही. डिझेल कसं मिळेल, ड्रायव्हर कसा भेटेल, ऑइल वेळेवर बदललं जाईल का, यातलं काहीच कंपनीच्या हातात नसतं. म्हणून थोडी ढील ठेवलेली असते. ती वाया गेलेली ताकद नव्हे, ते इंजिनाचं आयुष्य असतं. मॅपिंगवाला तेच आयुष्य आगाऊ काढून खर्चायला देतो.

जिथे खरी गरज असते तिथे हा सौदा समजण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात लोक बर्फावर स्नोमोबाइल चालवतात. दहा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उरतो, इंजिन तेवढंच धापा टाकतं. तिथल्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं बाहेरून टर्बो बसवून घेतले. मग कंपन्यांनीही कारखान्यातून टर्बोवाली यंत्रं काढली. जुनी, बाहेरून टर्बो लावलेली घ्यावी की जशी आली तशी घ्यावी, हा प्रश्न त्यांनाही पडतोच. पण आपला माळशेज सातशे मीटरच्या आसपास आहे. इथे हवा आठ टक्के कमी झाली तर झाली, आणि तेवढी भर कंपनीचा टर्बोच घालतो.

दुसरी गोष्ट मी धाकट्याला कागदावर रेघा मारून दाखवली. आपला माल कुठून कुठे जातो? आळेफाट्याहून ओतूर, मढ, माळशेज, टोकावडे, मुरबाड, कल्याण. म्हणजे भरलेली गाडी घाट उतरते आणि चढताना बहुतेक वेळा रिकामी असते. पन्नास किलोच्या तीस गोण्या म्हणजे दीड टन कांदा पाठीवर घेऊन जो घाट उतरतो, त्याला ब्रेक लागतात, चांगले टायर लागतात आणि खालच्या गिअरमध्ये उतरण्याचा धीर लागतो. उडणारं इंजिन तिथे काय कामाचं? उलट ताकद आहे म्हटल्यावर मालक तीसच्या जागी पंचेचाळीस गोण्या टाकतो. इंजिन ते ओढतं. पण पाटे, अ‍ॅक्सल आणि ब्रेक तेच जुने राहतात. त्यांचं मॅपिंग कुणी केलेलं नसतं.

धाकटा ऐकत होता, पण मान हलवत नव्हता. म्हणाला, "एकदा बघून तरी या."

सकाळी सहाला आम्ही न कळवता गेलो. अब्बाही आले. गाडी बघायची तर इंजिन थंड असताना बघावी, कारण खरा धूर पहिल्या सेल्फला दिसतो. मी बोलण्याआधी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. पोरगा म्हणाला, "पहाटेच भाडं मारून आलो." पण टायरखालची जमीन कोरडी होती आणि गाडीभोवती सगळीकडे दव. गाडी हललीच नव्हती, जागेवर चालू ठेवून तापवली होती. आम्ही येणार हे त्याला धाकट्याच्याच कुणा मित्राकडून कळलं असावं.

मग मी एकेक करत गेलो. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, आतून भकाभक वाफ आली. याला आमच्याकडे बॅक कंप्रेशन म्हणतात, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या. इंटरकूलरचा पाइप काढला, आत ऑइल ओघळलेलं. पट्टी ओढून बोटावर ऑइल घेतलं, ते मधासारखं जाड. धूर दाबायला कुणीतरी जाड ऑइल भरलं होतं. चढावर तिसऱ्यात दाबली तर इंजिन ओरडलं आणि गाडी तेवढी पुढे गेली नाही, क्लच घसरत होता. मी विचारलं, मॅपिंग कुणी केलं? कंपनीची मूळ फाइल आहे का? बिल? क्लच, इंटरकूलर मोठा केला का? पोरगा हसून म्हणाला, "दादा, एवढं कोण विचारतं?"

परत येताना धाकट्याने विचारलं, "भाई, तुला एवढं नेमकं कसं कळलं? बॉनेटला हात लावला तेव्हाच तुझा चेहरा बदलला होता."

अब्बा पुढच्या सीटवर होते. मी खोटं बोलू शकलो असतो. बारा वर्षं तेच केलं होतं.

बारा वर्षांपूर्वी मी माझी जीप विकली तेव्हा तिला हेच दुखणं होतं. मीही जाड ऑइल भरलं होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी मीही ती अर्धा तास चालू ठेवली होती. गिऱ्हाईक टोकावड्याकडचं होतं. त्याने बॉनेट उघडलंच नाही. म्हणाला, "तुमचे वडील पाच वेळचे नमाजी आहेत, बाजारात सगळे सांगतात. मला काय बघायचंय?" दोन महिन्यांत इंजिन बसलं. त्याने फोन केला. अडतीस हजार खर्च सांगितला, मागितला मात्र नाही. मी म्हणालो, विकली तेव्हा चांगली होती. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. त्याने भांडण केलं असतं तर मी विसरलो असतो.

हे सगळं मी गाडी चालवत सांगितलं, रस्त्याकडे बघत. अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मदिनेच्या बाजारात पैगंबर साहेबांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि आतून ओलं धान्य निघालं, ही गोष्ट त्यांनी आम्हाला लहानपणी कितीदा सांगितली असेल. त्या दिवशी सांगितली नाही. घरासमोर उतरताना एवढंच म्हणाले, "माझं नाव वापरलंस. गाडी का बाद में देखेंगे. पहिले उसके पैसे दे."

दुसरी गाडी आळे गावाकडच्या एका शेतकऱ्याची होती. साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना तात्या म्हणतात. आम्ही गेलो तर गाडी थंडगार उभी. तात्यांनी चहा सांगितला आणि आम्ही काही विचारायच्या आत बोटं मोडत मोजायला लागले. "डाव्या दाराला खालून गंज आहे. पाटे एकदा बदललेत. क्लच वर्षभरात करावा लागेल. मागे एकदा झाडाला घासली होती, रंग मारलाय. इंजिनाला मी हात लावू दिला नाही, कंपनीनं दिलंय तसं आहे. आता तुम्ही बघा." सर्व्हिसची बिलं एका पिशवीत, सुतळीने बांधलेली.

मी तरी सगळं तपासलं. सेल्फ मारला, एकदा थोडा धूर आला आणि हवेत विरला. झाकण उघडलं, आत शांत. तात्यांनी सांगितल्यापेक्षा एकही दोष जास्त सापडला नाही. अब्बा मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "ऐब बताके बेचता है आदमी." मी मान खाली घातली.

सत्तर हजार जास्त देऊन आम्ही तीच घेतली. या विचारात असलेल्यांसाठी माझा हिशेब लिहून ठेवतो. वाढवलेलं इंजिन वाईटच असतं असं नाही. ज्याने ते स्वतः करवून घेतलं, त्याबरोबर क्लच आणि इंटरकूलर बदलला, ओझं आवरलं, त्याला ते लाभतंही. पण अशी गाडी जुनी घेताना तुम्ही फक्त लोखंड घेत नाही. आधीच्या माणसाने ती किती घाईने चालवली तेही घेता, आणि तो काय सांगत नाही तेही. कंपनीच्या गाडीचं निदान एक असतं, काय होतं आणि काय बिघडलं हे कुठल्याही मिस्त्रीला पुस्तकाशी ताडून बघता येतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करायचा नाही. अपघात झाल्यावर विमावाले अशाच गोष्टी शोधत येतात. म्हणून आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा, कर्जाचा बोजा उतरलाय का बघा, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नुसत्या शब्दावर घेऊ नका. शब्दावर घेणाऱ्याचं काय होतं ते मला माहीत आहे.

अडतीस हजारांसाठी मी माझी भिशी आधी उचलली. पिकअपच्या पहिल्या खेपेला धाकट्याबरोबर गेलो. रात्री तीस गोण्या भरून निघालो. माळशेज त्याने दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला, मागून हॉर्न वाजत असतानाही. कल्याणला माल उतरवून परतताना सकाळी टोकावड्याला थांबलो. तो माणूस आता किराणा दुकान चालवतो. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही, म्हणजे तोही विसरला नव्हता.

मी पाकीट पुढे केलं आणि काय झालं होतं ते सांगितलं. त्याने पैसे मोजले. पाच हजार काढून परत दिले. म्हणाला, "इंजिन केल्यावर चार वर्षं चालवली मी ती. एवढं तुमचं." मी नको म्हणालो, तर म्हणाला, "मग हिशेब पुन्हा बिघडेल." ते पाच हजार घेताना मला देताना वाटली नव्हती तेवढी लाज वाटली.

घरी आल्यावर अब्बांनी विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं. त्यांनी ते पाच हजार घेतले आणि उमऱ्याच्या रिकाम्या डब्यात टाकले. त्यांचा उमरा अजून व्हायचा आहे. पिकअपचा क्लच आम्ही दिवाळीत बदलला, तात्यांनी सांगितलं होतं तसाच.