औदेशचे अठरा दिवस

ज्या बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोटार अर्ध्या तासांत जाते तेथें अठरा दिवस राहून करणार काय, असा प्रश्न आम्ही निघण्यापूर्वीं पुष्कळांनीं विचारला. विचारणारे अनुभवी होते. दहा दिवसांत सात देश पाहून आलेलीं कुटुंबें आतां प्रत्येक आळींत आढळतात, आणि त्यांच्या हिशेबानें भूमध्य समुद्रांतील गोझो हें बेट म्हणजे फार तर एका दुपारचें काम होतें. हिशेब खोटा नव्हता. गोझोची लांबी अवघी १४ किलोमीटर व रुंदी ७. माल्टाच्या राज्यांतील हें धाकटें बेट. थोरल्या बेटावरून बोटीनें यावयास पंचवीस मिनिटें लागतात, आणि बहुतेक प्रवासी सकाळीं येऊन संध्याकाळीं परत जातात. परंतु आम्हांला पाहावयाचें थोडें व बसावयाचें फार होतें. आमच्या पदरीं एक प्रश्न होता आणि तो घरीं सुटत नव्हता.

प्रश्न असा. आमचे चिरंजीव बारा वर्षें मेलबर्नला आहेत. तेथेंच त्यांचा संसार, तेथेंच आमची नात. पुण्याची जागा विकून आम्हीं कायमचें तिकडे यावें असें त्यांचें म्हणणें. तें प्रेमाचें होतें आणि शहाणपणाचेंहि होतें, म्हणूनच त्याला उत्तर देणें अवघड. आम्हां दोघांपैकीं एक जण ‘जावें’ म्हणे व दुसरें ‘नको’ म्हणे. आणि पंचाईत ही कीं दर आठवड्याला बाजू बदलत. पुण्यास बसून विचार करावा तर घराच्या भिंती साक्षीला येतात. मेलबर्नला जावें तर नात गळ्यांत पडते. यास्तव जेथें आमचें कोणीच नाहीं असें एखादें ठिकाण हवें होतें. २०२३ च्या सप्टेंबरांत आम्ही गोझोला गेलों तें एवढ्याचसाठीं.

‘गोझो’ हें नांव परक्यांचें. तेथले लोक आपल्या बेटाला ‘औदेश’ म्हणतात. आम्ही शारा नांवाच्या गांवांत एका जुन्या दगडी घराचा अर्धा भाग भाड्यानें घेतला. पहिले दोन दिवस आम्ही गांवाबाहेर गेलोंच नाहीं. सकाळीं भट्टींतून पाव आणावा, त्यावर टोमॅटो चिरडावा, ऑलिव्हचें तेल सोडावें, शेळीमेंढीच्या दुधाची खारवलेली चीजची चकती बाजूला घ्यावी, आणि अंगणांत बसून घंटा ऐकाव्या. तिसऱ्या दिवशीं शेतांच्या वाटेनें निघालों तों आमच्यापैकीं रत्नागिरीकडचें जें माणूस आहे तें एकदम थांबलें. “अहो, हे तर आपले गडगे!” आणि खरोखरच, चुना न लावतां दगडावर दगड रचलेले ते गडगेच होते. त्यांच्या कडेनें निवडुंग वाढलेला, त्याला लालकेशरी बोंडें आलेलीं. ती मात्र देशावरची आठवण. आमच्या घरांतला कोंकण व देश हा जुना वाद औदेशच्या एका बांधावर अशा रीतीनें मिटला.

शारा गांवाच्या कडेलाच जगंतिया नांवाचीं देवळें आहेत. ख्रिस्तपूर्व ३६०० च्या सुमारास त्यांचें काम सुरू झालें, म्हणजे तीं इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनीं. अशा आंकड्यांनीं मन थक्क होण्याऐवजीं बधिर होतें असा आमचा अनुभव आहे. एका राक्षसिणीनें कडेवर मूल घेऊन, नुसत्या शेंगा व मध खाऊन हे दगड वाहिले, ही तेथील दंतकथा आम्हांला अधिक जवळची वाटली. आपल्याकडे असलीं कामें पांडव एका रात्रींत उरकतात. तेथें तीं एका लेंकुरवाळीनें केलीं एवढाच फरक. पश्चिमेच्या किनाऱ्यावर द्वेयरा येथें समुद्रांत उभी असलेली एक प्रचंड दगडी कमान होती. ती ८ मार्च २०१७ रोजीं वादळांत कोसळली. तिचीं चित्रें दुकानांतून अजून विकलीं जातात.

वेळ पुष्कळ असल्यामुळें कान उघडे राहिले. माल्टी भाषेचें मूळ अरबी, लिपि रोमन, आणि बोलणारे बहुतेक कॅथोलिक. ते देवाला ‘अल्ला’ म्हणतात व ईस्टरपूर्वींच्या उपासाच्या दिवसांना ‘रन्दान’. हा शब्द रमजानचाच भाऊ. त्यांत आमचेहि ओळखीचे निघूं लागले. ‘दिन्या’ म्हणजे दुनिया, ‘क्तीब’ म्हणजे किताब. नांवाला ते ‘इसेम’ म्हणतात. आपल्या कोर्टकचेरींतला ‘इसम’ तोच. इतकेंच नव्हे तर ‘सीहेब’ म्हणजे मित्र; आपल्याकडे येतां येतां त्याचा साहेब झाला! ही भाषा फार दिवस स्वयंपाकघराची समजली जाई. कोर्टांत इटालियन चाले, पुढें इंग्रजी आली. १९३४ सालीं कोठें माल्टीला राज्यभाषेचें स्थान मिळालें. २००४ पासून ती युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकीं एक आहे, आणि बोलणारीं माणसें सुमारें पांच लाख. हें ऐकून आम्ही दोघेंहि कांहीं वेळ गप्प होतों. आमच्या नातीला मराठी समजते. ती उत्तर मात्र इंग्रजींत देते.

आमच्या प्रश्नापासून दूर पळून आलों खरे, पण त्यानें आम्हांला दारादारावर गांठलें. गोझोंत घरांना नांवें देण्याची हौस आहे, व पाटी दगडांत कोरलेली असते. कोठें संताचें नांव, कोठें ‘देव अमेरिकेचें भलें करो’, आणि वारंवार ऑस्ट्रेलिया! चौकशी करतां कळलें तें असें. दुसऱ्या महायुद्धानंतर या बेटांवरून हजारों माणसें पोटासाठीं ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिका येथें गेलीं. त्यांतलीं कांहीं म्हातारपणीं परतलीं, त्यांनीं साठविलेल्या पैशांतून घरें बांधलीं, आणि ज्या देशांतून परत येण्याची आयुष्यभर वाट पाहिली त्याच देशाचें नांव दारावर कोरलें. आम्ही या पाट्यांपुढें देवळांपुढें उभे राहिलों त्याहून अधिक वेळ उभे राहिलों असूं.

पण जाणें सगळ्यांचें सारखें नसतें. बेटाच्या मध्यावर, व्हिक्टोरिया नांवाच्या शहराच्या डोक्यावर, एक किल्ला आहे. (शहराला हें नांव १८८७ सालीं राणीच्या ज्युबिलीनिमित्त मिळालें, गांवकरी अद्याप रबातच म्हणतात.) १५५१ च्या जुलैंत तुर्की आरमारानें हा किल्ला घेतला आणि आश्रयाला आंत शिरलेलीं सुमारें पांच हजार माणसें, म्हणजे बेटावरील जवळजवळ सारी वस्ती, गुलाम म्हणून नेली. थोडीं पुढें पैसे भरून सोडवलीं गेलीं. बाकीच्यांचा पत्ता नाहीं. त्यानंतर कित्येक वर्षें लोकांनीं रात्रीं किल्ल्यांतच झोंपावें असा दंडक होता. तटावरून समुद्र चोहोंकडे दिसतो. त्या दिवशीं आम्ही मेलबर्नविषयीं एक शब्दहि बोललों नाहीं. विमानाचें तिकीट काढून मुलाकडे जाणें आणि जहाजाच्या तळांत बांधून नेलें जाणें यांची तुलना करणें शोभलें नसतें.

आमचा जीव रमला तो मिठागरांत. उत्तर किनाऱ्यावर श्वेयनी येथें पिवळसर मऊ खडकांत चौकोनी वाफे खोदलेले आहेत, शेकडोंनीं, अगदीं पाण्याच्या कडेपर्यंत. आपल्याकडे मिठागर चिखलमातीचें. तेथें सारा खडक. समुद्राचें पाणी आधीं मोठ्या वाफ्यांत तापूं द्यावयाचें, मग लहान वाफ्यांत सोडावयाचें, आणि आठवडाभरानें तळाशीं जमलेलें मीठ झाडूनें लोटून ढीग करावयाचा. काम मे ते सप्टेंबर. पहिला पाऊस पडला कीं संपलें. वाफे पिढ्यान् पिढ्या एकेका कुटुंबाकडे आहेत. आम्ही चार सकाळीं तेथें जाऊन बसलों. झाडणारे गृहस्थ साठीच्या पुढचे. चौथ्या दिवशीं त्यांनीं विचारलें, कोठले? आम्हीं सांगितलें, व मुलगा मेलबर्नला असतो असेंहि जोडलें. त्यांचे दोन भाऊ मेलबर्नलाच होते. एक परत आला, एक तेथेंच वारला. “आणि तुम्ही कां गेलां नाहीं?” त्यांनीं झाडू वाफ्याकडे केला. “कोणी तरी राहिलें पाहिजे ना? नाहीं तर ते परत कोणाकडे आले असते?”

त्या रात्रीं बाजू बदलल्या नाहींत. दोन्ही एकाच ठिकाणीं आल्या. चिरंजिवांना लांबलचक पत्र लिहिलें. जागा विकावयाची नाहीं. नातीच्या उन्हाळ्याच्या सुटींत, म्हणजे डिसेंबर-जानेवारींत, आम्हीं तिकडे जावयाचें. आणि दर दोन वर्षांनीं तिनें महिनाभर पुण्यास यावयाचें, मराठींत भांडण्याइतकी तयारी होईपर्यंत. जेव्हां जिने चढवणार नाहींत तेव्हां पुन्हां बोलूं. मीठ दोन किलो घेतलें आहे, एक तुमच्याकडे आणूं.

उत्तर दोन दिवसांनीं आलें. पहिल्या दोन ओळींत राग होता, तिसरींत तो ओसरला होता. शेवटीं लिहिलें होतें, मीठ आणणार असाल तर विमानतळावरच्या कागदावर न विसरतां नोंदवा, येथले अधिकारी फार कडक आहेत.