‘आहे’ लिहू की ‘नाही’?

मुलांनो, सहलीच्या आधी शाळेतून एक चिठ्ठी घरी येते ना? ‘माझा पाल्य सहलीस येण्यास माझी हरकत नाही’ असं लिहिलेली. तिच्यात खाली एक ओळ असते: ‘पाल्यास काही आजार असल्यास लिहावे.’ त्या ओळीपुढे तुमचे बाबा काय लिहितात? बहुतेकांचे बाबा ‘नाही’ लिहितात. न वाचताच लिहितात. अकरा वर्षं मी असल्या चिठ्ठ्या गोळा करतेय, त्यामुळे मला पक्कं ठाऊक आहे.

गेल्या वर्षी असाच एक रकाना आमच्या घरी आला, आणि त्याच्यावरून घरात चार दिवस अबोला झाला.

त्याचं असं झालं. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. खडकवासल्याची मुलगी, तिला लहानपणापासून पाण्याचं वेड. आमच्या गावात पाण्यावर संशोधन करणारी एक मोठी सरकारी संस्था आहे, १९१६ साली सुरू झालेली. तिथे धरणांची, बंदरांची, नद्यांची लहान लहान मॉडेल्स बांधतात आणि त्यांत पाणी सोडून बघतात. खरं धरण बांधायच्या आधी खेळण्यातल्यासारखं धरण! चुकायचं ते तिथेच चुकावं, म्हणजे नंतर गाव वाहून जात नाही. १९६१ च्या १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, त्यात आमचं धरणही टिकलं नाही आणि पाणी पुण्यात शिरलं. ते ज्यांनी पाहिलं, त्या आजी-आजोबांना या मॉडेलांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

जर्मनीत कार्लस्रूह नावाचं शहर आहे. तिथे रेबॉक नावाच्या प्राध्यापकांनी १९०१ साली नदीच्या मॉडेलांची प्रयोगशाळा काढली होती. त्याच शहरात दहा आठवडे इंटर्नशिप करायला भाचीला बोलावणं आलं. इंटर्नशिप म्हणजे शिकत असतानाच खऱ्या कामाच्या जागी जाऊन मोठ्यांच्या हाताखाली काम करायचं. पूर्वी आपल्याकडे सुताराकडे, शिंप्याकडे मुलं उमेदवारी करायची, तसंच हे. फक्त ही उमेदवारी विमानाने जाऊन करायची होती.

मग कागदांची फौज उभी राहिली. मुंढव्याला जाऊन पासपोर्ट काढला. कॉलेजचं पत्र, तिकडच्या प्राध्यापकांचं पत्र, बँकेचा उतारा, फोटो. आणि विमा! युरोपातल्या बऱ्याच देशांनी मिळून एकच व्हिसा ठेवलाय, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. तो हवा असेल तर निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. म्हणजे तीस लाख रुपयांच्या आसपास. अमेरिकेत जे-१ नावाच्या व्हिसावर अशा कामाला जाणाऱ्यांना तर दर आजारामागे निदान एक लाख डॉलरचा विमा लागतो. तिकडे दवाखाना इतका महाग असतो, की साधं हाड मोडलं तरी घरच्यांचं कंबरडं मोडावं.

आता विमा म्हणजे नेमकं काय, हे मला नीट समजलं ते माझ्या चौथीच्या वर्गामुळे.

आमच्या वर्गात पेन्सिली फार हरवतात. मी एक डबा ठेवला. अडतीस मुलं, दर सोमवारी प्रत्येकाने एक रुपया टाकायचा. आठवड्यात ज्याची पेन्सिल हरवेल त्याला डब्यातून पाच रुपयांची नवी पेन्सिल. सगळ्यांच्या एकदम थोड्याच हरवतात? दोघा-चौघांच्या हरवतात. म्हणून डबा पुरतो. विमा कंपनीचा डबा फक्त फार मोठा असतो, आणि त्यात टाकायच्या रुपयाला हप्ता म्हणतात.

दोन आठवडे छान चाललं. तिसऱ्या सोमवारी तिसऱ्या बाकावरच्या एका पठ्ठ्याने सकाळी रुपया टाकला आणि मधल्या सुट्टीत पेन्सिल मागितली. शेजारचा ओरडला, “बाई, याची शनिवारीच हरवलीय! मी पाहिलंय!”

वर्गात गोंधळ! कुणी म्हणे द्या, कुणी म्हणे मुळीच देऊ नका. तेवढ्यात एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, याची सारखीच हरवते. त्याने तसं आधीच सांगितलं असतं, तर आपण त्याच्याकडून दोन रुपये घेतले असते. नाहीतर म्हटलं असतं, आठवड्याची पहिली पेन्सिल तुझी तू आण, दुसरी हरवली तर आम्ही देऊ.”

नऊ वर्षांची मुलगी! विम्याचा जो इंग्रजी कागद मी डिक्शनरी घेऊन रात्रभर वाचला होता, त्यातलं निम्मं तिने दोन वाक्यांत सांगितलं. आधीपासून आजार असेल तर हप्ता जास्त, नाहीतर त्या आजारापुरता खर्च तुमचा तुम्ही. आणि दरवेळी पहिले काही डॉलर आपल्याच खिशातले, पुढचे कंपनीचे.

तर तो रकाना हाच. ‘आधीपासूनचा काही आजार आहे का?’

आहे ना. भाचीला लहानपणापासून दमा आहे. पावसाळा लागला की पंप घ्यावा लागतो. दाजी म्हणाले, “नाही लिही.” विमा विकणारा माणूसही फोनवर म्हणाला होता, “कशाला लिहिताय? कोण बघतंय?” दाजी वाईट माणूस नाहीत हो! त्यांना वाटत होतं, हप्ता वाढेल, व्हिसा अडेल, आणि पोरीला दमा आहे हे चार लोकांत झालं की उगाच बोलणी. “आणि चार वर्षांत मोठा त्रास झालाय का एकदा तरी?” हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. ताई काहीच बोलेना. भाची माझ्याकडे बघायला लागली.

मग मला ती गोष्ट सांगावी लागली. अकरा वर्षं मी ती पोटात ठेवली होती.

माझं शाळेतलं पहिलंच वर्ष. चौथीची सहल सिंहगडावर निघाली, आणि माझी भाची त्याच वर्गात. चिठ्ठीवर दाजींच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नाही’. दमा आहे म्हटलं तर मुख्याध्यापक नेणार नाहीत म्हणून ती आदल्या दिवशी रडली होती. दाजींचं एक वेळ सोडा. मला तर माहीत होतं! मी तिची मावशी. पण मीही गप्प बसले. म्हटलं, जाऊ दे, हौस आहे पोरीची.

आणि ‘नाही’ लिहिल्यामुळे दप्तरात पंपही दिला नव्हता. आजार नाही तर पंप कशाला?

आतकरवाडीकडून निम्मा चढ चढलो आणि ती बसली. श्वास घ्यायची तर शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ओठांचा रंग बदलला. वाटेवर ताक विकणारे एक आजोबा होते. त्यांनी मडकी तशीच सोडली, तिला पाठीवर घेतलं आणि ते खाली पळाले. मी मागून. बाकीची मुलं दुसऱ्या बाईंकडे. खालून एका टेम्पोने दवाखान्यात नेलं. वाचली. त्या आजोबांची मडकी कुणी पाहिली असतील, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मी ती चिठ्ठी पुढे केली. “पालकांनी तर ‘नाही’ लिहिलंय सर.” त्यांनी मान हलवली. माझ्यावर काहीच ठपका आला नाही. त्या खोट्या चिठ्ठीने मला वाचवलं, आणि मी वाचवू दिलं. दाजींना शाळेने बोलणी दिली, ती त्यांनी एकट्याने ऐकली.

हे मी सांगितलं तेव्हा दाजी कितीतरी वेळ टेबलावरचा कागद सरळ करत बसले. मग उठून गॅलरीत गेले. त्यानंतरचे ते चार दिवस.

चौथ्या दिवशी भाचीनेच पेन उचललं. “बाबा, सही माझी आहे ना खाली? मग लिहिणारही मीच,” म्हणाली, आणि तिने ‘आहे’ लिहिलं.

पुढे काय झालं? हप्ता वाढला. डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं. आणि कागद आला त्यात लिहिलं होतं, दम्याचा खर्च मिळणार नाही. फक्त जिवावरचंच संकट आलं तर ठरावीक रकमेपर्यंत मिळेल. दाजी म्हणाले, “बघा.” मी बघितलं. ताईने मात्र एक काम केलं. एका पाकिटात युरो घातले आणि वर मराठीत लिहिलं, ‘दम्याचे’.

त्याच विम्यात पुढे एक कलम होतं. परदेशात माणूस दगावला तर पार्थिव घरी आणण्याचा खर्च. ताईने ते वाचलं आणि पान उलटं करून ठेवलं. वाचायला नको वाटतंच. पण ते कलम उगाच नाही.

आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेत. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या जहाजाने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या आणि तब्येत आधीच नाजूक. विमा कुठला, ओळखीचं माणूससुद्धा पत्रातलं! कार्पेंटरबाईंनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, तोच त्यांचा विमा. तिकडची थंडी, अभ्यास, क्षय. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला इथे पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आमच्या आईला ही गोष्ट पाठ आहे, त्यामुळे भाची निघेपर्यंत ती रोज स्वेटर मोजत होती.

तयारीत माझ्या वर्गानेही हात लावला. धरणाचं मॉडेल करतात तर प्रवासाचं का नको? एका शनिवारी शाळा सुटल्यावर बाकं फिरवून आम्ही विमानतळ केला. एक अधिकारी झाला. त्याने पासपोर्ट बघून दरडावून विचारलं, “गृहपाठ केलाय का?” दुसरी फोनवरची डॉक्टर झाली. भाचीने तिला इंग्रजीत सांगायचं: माझं नाव हे, पत्ता हा, मला दमा आहे, श्वास लागतोय, हे औषध घेतलंय. तीच पाच वाक्यं तिने वीसदा म्हटली. जर्मनीत जिवावर बेतलं तर ११२ लावायचा (आपल्याकडेही आता हाच नंबर आहे), आणि रात्री-अपरात्री नुसता डॉक्टर हवा असेल तर ११६११७. आपल्या वकिलातीचा फोनही लिहून घेतला. परदेशातल्या भारतीयांची गाऱ्हाणी ऐकायला आपल्या सरकारने २०१५ मध्ये ‘मदद’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, तिथे विद्यार्थ्यांना आपलं नाव-पत्ता नोंदवून ठेवता येतो. तेही केलं.

औषधाचं मात्र एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. डॉक्टरांनी पत्रात दुकानातलं नाव न लिहिता मूळ नाव लिहिलं, साल्ब्युटामॉल. कंपनीचं नाव प्रत्येक देशात वेगळं. अमेरिकेत तर मूळ नावही बदलतं, तिथे याच औषधाला अल्ब्युटेरॉल म्हणतात! पंप आणि पत्र दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवले. मोठी बॅग चुकून दुसऱ्याच देशाला गेली तर?

जूनमध्ये तिकडे गवत फुलतं. हवेत परागकण. एका रात्री भाचीचा श्वास लागला. पंपाने पुरता उतार पडेना. तिने ११६११७ लावला आणि ती पाच वाक्यं म्हटली. पत्र दाखवल्यावर डॉक्टरांना फार विचारावं लागलं नाही. सकाळपर्यंत ती बरी होती. बिल आलं ते तिने ‘दम्याचे’ पाकिटातून दिलं. कंपनीकडे विचारलं, तर उत्तर आलं की कागदावर लिहिल्याप्रमाणे हा खर्च मिळणार नाही.

दाजींचा मला फोन. “खरं लिहून काय मिळालं हो?”

मला उत्तर सुचलं नाही, खरंच. मी तोच प्रश्न भाचीला विचारला. ती म्हणाली, “मावशी, बिल आपल्यालाच भरायचंय हे आधी माहीत होतं, म्हणून तर पाकीट होतं. आणि नाही लिहिलं असतं, तर आईने पत्र दिलं असतं का बॅगेत?”

मला ते पंपाशिवायचं दप्तर आठवलं.

परवा यंदाच्या सहलीच्या चिठ्ठ्या जमा झाल्या. मी आता तो रकाना मोठा केलाय, आणि वर्गात सांगितलंय की आजार लिहिला म्हणून कुणालाही घरी ठेवणार नाही. अडतिसातल्या नऊ जणांनी काही ना काही लिहून दिलंय. एका आईने तर पाठीमागचं पानही भरून पाठवलंय. सगळ्यात शेवटी लिहिलंय, ‘त्याला मुंग्यांची भीती वाटते, पण हे त्याला सांगू नये.’