संध्याकाळची पर्वती

कष्टकरी माणसाला व्यायामासाठी खिशात हात घालावा लागू नये, अशी एक सोय पुणे शहरात आहे. ती म्हणजे पर्वती. स्वारगेटच्या स्टँडवर उतरले की सारसबागेवरून चालत पंधरा-वीस मिनिटांत पायथा गाठता येतो. दगडी पायऱ्या १०३. आकडा ऐकून नवखा माणूस हसतो. पण त्या चाळीच्या जिन्यासारख्या नाहीत. हत्तीलाही चढता यावे म्हणून त्या रुंद व उतरत्या बांधल्या, असे सांगतात. एका पायरीवर दोन-तीन पावले टाकावी लागतात, त्यामुळे चढ संपत आला असे वाटते तोच छाती भरून येते.

आम्ही चौघे मित्र आठवड्यातून दोन संध्याकाळी इथे येतो. एक एसटीच्या वर्कशॉपमधला, एक हॉस्पिटलात वॉर्डबॉय, एक रंगकाम करणारा आणि मी छापखान्यातला. कारण घडले ते वॉर्डबॉय मित्राचे. त्याच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज भरभर चालायला सांगितले. त्याचे म्हणणे, "दिवसभर स्ट्रेचर ढकलतो, अजून किती चालू?" प्रश्न खोटा नव्हता. आपल्या वस्त्यांतून असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. परंतु कामावरचे चालणे तुटक असते. चार पावले टाकायची, मग उभे राहायचे, वर साहेबाची हाक. सलग अर्धा तास चालले व चढले म्हणजे मांडीचे, पोटरीचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. हे काम स्ट्रेचरने होत नाही. मात्र साखरेची गोळी घेणाऱ्याने उपाशीपोटी चढू नये, आणि खिशात पुरेशा लिमलेटच्या गोळ्या ठेवाव्यात. अंगाला कापरे भरले, घाम सुटला तर तिथल्या तिथे बसून चार-पाच गोळ्या चावून खाव्यात. ज्यांना छातीत दुखते त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, मगच पायऱ्यांकडे पाहावे.

वर पोचल्यावर वारा लागतो. नैऋत्येला सिंहगड दिसतो, खाली सारसबागेची झाडी. आज जिथे बाग आहे तिथे पेशवाईत तळे होते. वरचे देवस्थान नानासाहेब पेशव्याने १७४९ साली बांधले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, ती दुसऱ्या बाजीरावाने इथूनच पाहिली. त्यानंतर दोन महिने पुरे व्हायच्या आत, १ जानेवारी १८१८ला, भीमा नदीकाठी कोरेगावला काय झाले ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

पण आपल्याला या टेकडीची खरी ओळख आहे ती दुसऱ्या एका तारखेने. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्यातील अस्पृश्य बांधव या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाला आले. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज पुढे होते. 'सोमवंशीय मित्र' हे पत्र १९०८ साली काढणारे ते हेच कांबळे. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी अशी काही सवर्ण मंडळीही सोबतीला होती. देवळाचा दरवाजा उघडला नाही. सनातन्यांनी सत्याग्रहींवर दगडफेक केली. सत्याग्रह पुढे काही महिने चालला, तरी दार बंदच राहिले. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ साली.

आमचा रंगारी मित्र हे सारे जाणून आहे, म्हणूनच तो शेवटच्या पायरीवर बसतो. आत जात नाही. "आपण देव सोडले. मग त्यांच्या दारात कशाला?" एसटीवाला वयाने मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याचे उत्तर असे, की ती माणसे देवासाठी आली नव्हती, माणूस म्हणून आली होती. रंगारी म्हणतो, बाबासाहेबांनी १९३३ सालीच सांगितले होते की आपल्या माणसांना देवळापेक्षा शिक्षण आणि नोकरी जास्त गरजेची आहे. यावर दादा गप्प बसत नाही, "आणि त्याच बाबासाहेबांनी काळारामाचा सत्याग्रह केला, तो विसरलास?" हा वाद कितीदा झाला याची मोजदाद नाही. माझे मत विचाराल तर दोघेही बरोबर आहेत. पायऱ्यांवर हक्क सांगावा, आत जाणे न जाणे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही तिघेही हल्ली रंगाऱ्याशेजारीच बसतो. वारा तिथेही तोच असतो.

उतरताना घाई नको. चढताना दम लागतो, पण गुडघे बिघडतात ते उतरताना. उतरत्या पायरीवर नाकासमोर न उतरता थोडे तिरपे उतरावे. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, तेव्हा सपाटा घालून कुणी येऊ नये.

मग जेवण. महिन्यातून एकदा, पगार झाल्यावर, सारसबागेच्या चौपाटीवर पावभाजी; वर्गणी काढून. वॉर्डबॉय मित्र एकच पाव घेतो, लोणी लावू देत नाही, आणि उरलेल्या पावांकडे पाहतो. एरवी दांडेकर पुलाजवळ रंगाऱ्याच्या घरी पंगत बसते. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, सुकटीची चटणी, कच्चा कांदा. साखरवाल्याला यात भिण्यासारखे फारसे काही नाही, भाकरी मोजून खाल्ली म्हणजे झाले.

एकदा जेवताना आम्ही चढाच्या बढाया मारत होतो. वहिनी सहकारनगरात चार घरची धुणीभांडी करतात. त्या तव्यावरून मान न वळवता म्हणाल्या, "माझी बहीण जनता वसाहतीत राहते. रोज तो चढ चढते, डोक्यावर ओझं घेऊन. तिला विचारा व्यायाम म्हणजे काय." पंगत एकदम शांत झाली. पर्वतीच्याच उतारावर ती वस्ती आहे. आम्ही पायऱ्या मोजत होतो, त्या घरांकडे पाहत नव्हतो. दादांनी विचारले, "मग वहिनी, तुम्ही येता का आमच्याबरोबर?" त्या म्हणाल्या, "येईन. भाकऱ्या कोण थापणार ते आधी ठरवा."

ते ठरायला दोन आठवडे लागले. आता गुरुवारी वहिनी व त्यांची बहीण आमच्यासोबत असतात, नुसत्या हातांनी, ओझ्याशिवाय. त्या दोघी आमच्या आधी वर पोचतात आणि पायरीवर बसून आम्हाला हाका मारतात. रंगारी त्या दिवशी घरी थांबतो. त्याच्या भाकऱ्या कडेला फाटतात, पण पीठ दोन्ही हातांनी नीट मळतो.