कुरडईचा चीक आणि नव्याचा सण

बालमित्रांनो, उन्हाळ्याच्या सुटीत घरी कुरडया घालतात, तेव्हा माळवदावर राखणीला बसायला तुम्ही एका पायावर तयार होता. का, ते मला ठाऊक आहे! तुमचा डोळा असतो पातेल्यातल्या गरमगरम चिकावर. वाटीत चीक, वर साखर, तुपाची धार, आणि फुंकर मारत मारत खायचं. आमच्या बिलोलीत तरी ही वाटी न चाटलेलं मूल शोधून सापडायचं नाही.

आता एक कोडं घालते. याच गव्हाच्या चिकापासून काही मराठी माणसं आपल्या नव्या वर्षाचं पक्वान्न करतात. पण त्यांचं नवं वर्ष गुढीपाडव्याला नसतं, दिवाळीच्या पाडव्यालाही नसतं. सांगा पाहू, कोण ही माणसं?

ही आहेत महाराष्ट्रातली ज्यू, म्हणजे यहुदी माणसं. ती स्वतःला ‘बेने इस्रायल’ म्हणवतात. अर्थ आहे, इस्रायलची लेकरं. फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, जवळची पुस्तकं समुद्रात गेली, असं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. वाचलेली माणसं कोकणातल्या खेड्यांत राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली. आडनावंही गावांवरून पडली : दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर. मात्र शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, कारण तो ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

आता विचार करा. पुस्तकं गेली, हिब्रू भाषा विसरली, मग इतकी शतकं धर्म टिकला कुठे? पुष्कळसा टिकला स्वयंपाकघरात!

याची एक छान गोष्ट आहे. डेव्हिड राहबी नावाचे एक ज्यू गृहस्थ कोकणात आले. ही माणसं आपल्यापैकीच असावीत, असं त्यांना वाटलं. पण खात्री कशी करायची? त्यांनी बायकांना निरनिराळे मासे एकत्र करून रांधायला दिले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. ज्यूंच्या धर्मग्रंथातला नियम नेमका हाच आहे! ग्रंथ डोळ्यांनी न पाहिलेल्या त्या बायांना तो आई-आजीच्या हाताखाली शिकून माहीत होता. पुढे राहबींनी त्यांना हिब्रू प्रार्थना शिकवल्या, असं ही परंपरा सांगते.

सणांची हिब्रू नावं विसरली, तेव्हा त्यांनी साधी मराठी नावं ठेवली. ती ऐका हं. नवं वर्ष तो ‘नव्याचा सण’. नव्या धान्याची खीर करायची तो ‘खिरीचा सण’. घराची दारं लावून दिवसभर कडक उपास करायचा, तो ‘दारफाळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. त्या दिवशी दानधर्म करायचा. आणि मोड आलेल्या वालांचं बिरडं खायचं तो ‘बिरड्याचा सण’. यातली किती नावं ताटातल्या पदार्थावरून पडली, पाहिलंत?

नव्याच्या सणाला हिब्रूत रोश हशाना म्हणतात, म्हणजे वर्षाचं डोकं. त्यांचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात, आणि आपल्यासारखाच त्यांनाही अधिक महिना धरावा लागतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यामुळे हा सण सप्टेंबर-ऑक्टोबर सोडून भटकत नाही. २०२४ साली तर घटस्थापना आणि त्यांचा नवा दिवस एकाच तारखेला, ३ ऑक्टोबरला आला. २०२५ साली २२ सप्टेंबरला आपल्याकडे घट बसले आणि त्याच संध्याकाळी त्यांचं ५७८६ वं वर्ष लागलं. संध्याकाळी कसं? अहो, त्यांचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो! त्या सणाला प्रार्थनामंदिरात मेंढ्याच्या शिंगाचं शोफार फुंकतात. घरी सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात, वर्ष गोड जावं म्हणून. डाळिंब खातात, दाण्यांइतकी पुण्यं हातून घडावीत म्हणून. आणि बेने इस्रायलांच्या घरात ताटभर चिकाचा हलवा असतो.

तो हलवा मी पहिल्यांदा ढवळला तो ठाण्यात. नोकरीमुळे दोन वर्षं मी तिथे राहिले. शेजारी एक ज्यू आजी एकट्याच राहायच्या. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या वर्षांत बेने इस्रायल कुटुंबं मोठ्या संख्येने तिकडे गेली. आजींची मुलंही गेली. आता भारतात हे लोक काही हजारच उरले आहेत. मी बिलोलीची, दर उन्हाळ्यात कुरडया करणारी, असं कळल्यावर आजींनी पहिला प्रश्न विचारला, “म्हणजे तुला चीक काढता येतो?” मी हो म्हटलं, तर त्यांचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, “अगं, तीन वर्षं झाली, घरात हलवा नाही. एकटीचे हात पुरत नाहीत.”

मग आम्ही दोघींनी गहू भिजत घातले. तीन दिवस, रोज पाणी बदलून. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, फडक्यातून गाळून चीक रात्रभर ठेवला आणि सकाळी वरचं पाणी ओतून दिलं. इथपर्यंत सगळं आपल्या कुरडईसारखं! चोथा टाकायला निघालेल्या आजींना मी थांबवलं, आणि त्याच्या आपल्या भुसवड्या घालून दाखवल्या. मग आजींनी नारळ फोडायला घेतले. मी विचारलं, “गाईचं दूध का नाही?” त्या म्हणाल्या, आमच्यात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. सणाचं जेवण मटणाचं, म्हणून गोड पदार्थ नारळाच्या दुधातला.

आता कृती लिहून घ्या. घट्ट चीक एक वाटी, नारळाचं दूध चार वाट्या, साखर दोन वाट्या, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड आणि हवा तर थोडा खायचा गुलाबी रंग. वेलदोडा सोडून सगळं गार असतानाच जाड बुडाच्या पातेल्यात गुठळ्या मोडून कालवायचं, मग मंद आचेवर ठेवून ढवळत राहायचं. तास-दीड तास सहज लागतो. आजी म्हणायच्या, “नावातच सांगितलंय ना, हलवा! मग थांबता कशाला?” मिश्रण कडेने सुटून तूप लावल्यासारखं चकाकू लागलं की वेलदोडा घालून ताटात ओतायचं. वर बदामाचे काप, चारोळ्या. पुरतं गार झालं की शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या.

मुलांनो, नारळाचं दूध पिळणं, वेलदोडे सोलणं, बदाम लावणं आणि वड्या शेजारी पोचवणं ही कामं तुमची. ढवळायचं काम मोठ्यांचं. शिजताना चीक उडतो आणि त्याचा चटका वाईट असतो.

पुढे दोन वर्षं मी बिलोलीहून आजींना वाळवलेला चीक पाठवला. कडक उन्हात वाळवून डब्यात भरला की तो भाद्रपदापर्यंत राहतो. मग आजी मुलाकडे गेल्या. पण तिथल्या नातवंडांनाही पळी हातात धरायला लावलीच त्यांनी! सणाला फोन येतो तेव्हा नातू पलीकडून मराठीत ओरडतो, “थांबू नका, हलवा!” त्याला मराठीचं तेवढंच एक वाक्य येतं.

तुमच्याकडे आता कुरडया विकतच्या येत असतील, तर या उन्हाळ्यात एकदा आजीला म्हणा, शेरभर गहू भिजत घालू या. शेजाऱ्यांच्या मुलांनाही बोलवा. चीक वाटीत खा, थोडा वाळवून ठेवा, आणि घट बसायच्या सुमारास हा हलवा करून पाहा. त्या दिवशी ज्यू माणसं एकमेकांना म्हणतात, “शाना तोवा!” म्हणजे, वर्ष चांगलं जावो. तुमचंही जावो!